खारकेची आंघोळ: शर्यतीतून निवृत्त झालेल्या ग्रेहाऊंड कुत्रीच्या घरगुती निगेचे एक प्रकरण

ज्या कुत्रीविषयी हे टिपण आहे ती खारकेच्या रंगाची म्हणून आम्ही तिचे नाव खारीक ठेवले. एप्रिल २०२३ मध्ये ती आमच्या मेलबर्नच्या पश्चिम उपनगरातील घरी आली, तेव्हा तिचे वय चार वर्षे दोन महिने आणि वजन २७ किलो होते. त्याआधीचे तिचे सगळे आयुष्य शर्यतीच्या कुत्र्यांच्या केनेलमध्ये गेले होते. जिना, काच, धुलाईयंत्राचा आवाज आणि गुळगुळीत फरशी या चारही गोष्टी तिला नवीन होत्या, आणि पुढे जे घडले त्यात चौथीचा वाटा मोठा आहे. कानाच्या आत गोंदलेली अक्षरे, मांड्यांच्या मागच्या बाजूचे टक्कल, पोटावर आणि छातीखाली जवळजवळ उघडी कातडी, पाठीवर पांढरा बारीक कोंडा आणि अंगाला येणारा एक कुबट वास, एवढे तिच्याबरोबर आले. त्यांपैकी कोंडा आणि वास घालवण्याचा विडा आम्ही पहिल्याच आठवड्यात उचलला, आणि तिथेच चुकायला सुरुवात झाली.

घरात पत्नी, मी आणि जूनपासून सहा महिन्यांसाठी आलेली माझी आई अशी तीन माणसे. माझे काम अन्नप्रक्रिया कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे आहे. हे सांगण्याचे कारण एवढेच की जी रीत मी रोज कारखान्यात वापरतो ती घरच्या कुत्रीच्या बाबतीत वापरायचे मला सात आठवडे सुचले नाही. वास येतो म्हणजे अंग मळले आहे आणि अंग मळले की आंघोळ घालायची, हा आपल्याकडचा इतका पक्का हिशेब आहे की तो तपासून पाहावा असे कोणालाच वाटत नाही.

पहिली आंघोळ

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, म्हणजे इथल्या हिवाळ्याच्या तोंडावर, आम्ही तिला न्हाणीघरातील टबात उभे केले. थंडी वाजू नये म्हणून दार लावून घेतले, हीटर चालू ठेवला आणि आम्हाला सुखद वाटेल इतक्या गरम पाण्याचा शॉवर सोडला. टबाचा तळ गुळगुळीत होता. ग्रेहाऊंडच्या मांड्यांचे स्नायू इतके भरीव असतात की साध्या जमिनीवरही त्यांना इतर कुत्र्यांसारखे बसणे अवघड जाते. घसरणाऱ्या तळावर बसता येत नाही आणि उभेही राहता येत नाही, अशी तिची गत झाली. चारही पाय फाकवून ती पुतळ्यासारखी थिजून उभी राहिली, आणि आम्ही मात्र हा तिचा शहाणपणा समजलो. भीतीने जागच्या जागी गोठणे ही या जातीची सवयच आहे, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते.

साधारण बारा मिनिटांनी तिची मान खाली गेली, मागचे पाय लटपटू लागले आणि ती माझ्या अंगावर कलंडली. डोळे उघडे होते, पण हाक मारली तरी नजर फिरत नव्हती. पत्नीने दार उघडून पाणी बंद केले, आम्ही तिला चादरीत उचलून बाहेरच्या खोलीत ठेवले आणि चार-पाच मिनिटांत ती मान वर करून इकडेतिकडे पाहू लागली. त्याच संध्याकाळी फोनवर बोलताना पशुवैद्यांनी सांगितले की गरम पाण्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून रक्तदाब उतरला असावा. बंद खोलीतली वाफ आणि घाबरलेले मन यांची त्यात भर पडली असावी, आणि ग्रेहाऊंड असे आंघोळीत कोसळल्याचे प्रकार पाळणाऱ्यांना अपरिचित नाहीत. दुसऱ्या दिवशी हृदयाची तपासणी झाली आणि तीत काही दोष आढळला नाही.

यामागचे शरीरशास्त्र थोडक्यात असे. या जातीच्या अंगावर चरबी फार कमी असते, कातडी पातळ असते आणि केस आखूड, एकेरी असतात. थंडीच्या प्रदेशातील कुत्र्यांना वरच्या केसांखाली जो दाट मऊ थर असतो तो यांना जवळजवळ नसतोच. त्यामुळे बाहेरचे तापमान यांच्या अंगात लवकर उतरते आणि लवकर निघूनही जाते. गरम पाण्यात टाकलेली कुत्री तापते आणि तीच कुत्री ओली राहिली तर दहा मिनिटांत थरथर कापू लागते. आम्ही दोन्ही अनुभव घेतले, कारण दुसरी आंघोळ आम्ही घाबरून अंगणात, नळीच्या गार पाण्याने घातली.

मे ते मध्य जून या सहा आठवड्यांत चार आंघोळी झाल्या. दर वेळी वास दोन दिवस जायचा आणि तिसऱ्या दिवशी परत यायचा, आणि कोंडा दर वेळी थोडा वाढायचा. यात मेलबर्नच्या पाण्याचाही हात होता असे मला वाटते. इथले पाणी अतिशय मऊ आहे, त्यामुळे शाम्पूचा फेस भरपूर होतो आणि धुतला तरी निघता निघत नाही. लातूरकडच्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही म्हणून वैतागणाऱ्या माणसाला इथे फेस जात नाही म्हणून वैताग येतो, आणि कुत्रीच्या कातडीवर उरलेला शाम्पू खाज आणतो तो वेगळाच. शिवाय घर तापवण्यासाठी छतातून सोडलेली गरम हवा अगदी कोरडी असते. पहिल्या दोन आंघोळींना तर आम्ही माणसांचाच सौम्य म्हणून विकला जाणारा शाम्पू वापरला होता. माणसाच्या त्वचेची आम्लता आणि कुत्र्याच्या त्वचेची आम्लता सारखी नसते, तेव्हा त्या बाटलीवरच्या ‘सौम्य’ या शब्दाला कुत्रीच्या बाबतीत काही अर्थ नव्हता.

वास नेमका कुठला

जूनच्या मध्याला आई आली. तिचे माहेर लातूर जिल्ह्यातले, आणि तिच्या लहानपणी घरी कारवानी कुत्रे असत. कारवानी हा आपल्या दख्खनचा शिकारी कुत्रा. उंच पाय, खोल छाती, आत गेलेले पोट आणि आखूड केस, म्हणजे बांध्याने ग्रेहाऊंडचा चुलतभाऊ म्हणावा असा. खारकेला पाहून आईने पहिला प्रश्न विचारला तो असा: “हिला आंघोळ कशाला घालता? आमच्या कारवान्यांना कधी कोणी आंघोळ घातली नाही. शेतातून आले की काकू ओल्या फडक्यानं पुसून काढायची. त्यांना वास नव्हता.” मी तिला शहर, गालिचे, बंद खिडक्या वगैरे सांगून गप्प केले. ती गप्प बसली खरी, पण दोन दिवसांनी म्हणाली, “वास अंगाला नाही रे, पुढच्या पायांना आहे.”

हे निरीक्षण बरोबर होते, आणि ते ऐकल्यावर मला माझे काम आठवले. पांढऱ्या सुती कापडाचे सहा तुकडे घेतले. एक पाठीवर, एक कानांत, एक हिरड्यांवर, एक पुढच्या पायांवर, एक पंजांच्या बोटांमध्ये आणि एक शेपटीखाली फिरवला; प्रत्येक तुकडा वेगळ्या झाकणाच्या बरणीत ठेवला, आणि कोणता कुठला हे न सांगता पत्नीला व आईला वास घ्यायला लावला. आईने हिरड्यांची बरणी नाकाशी नेली आणि तोंड फिरवले. दोघींचाही क्रम एकच आला: सर्वांत तीव्र हिरड्यांचा, त्याखालोखाल पुढच्या पायांचा, बाकी किरकोळ, आणि पाठीच्या तुकड्याला जवळजवळ काहीच वास नाही. गुदग्रंथी भरल्या की मासळीसारखा वास येतो. तो इथे नव्हता. कानही स्वच्छ होते. खारीक पडल्या पडल्या पुढचे पाय चाटते, तोंडातील वास लाळेबरोबर पायांवर जातो, तिथून गादीवर जातो आणि गादीवरून अंगभर पसरतो. आंघोळीने पाय धुतले जायचे आणि दोन दिवसांत ते पुन्हा चाटून तसेच व्हायचे. आम्ही सहा आठवडे तोंडाची दुर्गंधी पाठीवरून धूत होतो.

ग्रेहाऊंडचे दात खराब असणे ही काही खारकेची एकटीची कथा नाही. अरुंद लांबट जबडा, केनेलमधले मऊ कालवलेले खाणे आणि वर्षानुवर्षे न घासलेले दात यांमुळे निवृत्त कुत्र्यांच्या तोंडात किटण आणि हिरड्यांचे आजार फार आढळतात. आम्हाला ते दिसले नाही याचे कारण साधे आहे. समोरचे दात पांढरे होते, आणि ओठ मागे ओढून दाढा पाहण्याची तसदी कोणी घेतली नव्हती.

दात तपासायला आम्ही ज्या दवाखान्यात प्रथम गेलो तिथे मांड्यांचे टक्कल, कोंडा आणि रक्तातील थायरॉइडचे कमी आलेले प्रमाण एकत्र मांडून आयुष्यभराची थायरॉइडची गोळी सुचवण्यात आली. इथे आम्ही थांबलो ते नशिबाने, कारण पत्नीच्या एका सहकाऱ्याकडे दोन ग्रेहाऊंड होते आणि त्यांनी या जातीचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांकडे जाण्याचा आग्रह धरला. त्या पशुवैद्यांनी सांगितलेल्या गोष्टी प्रत्येक ग्रेहाऊंड पाळणाऱ्याने रक्ताचा अहवाल हातात घेण्यापूर्वी ऐकायला हव्यात. निरोगी ग्रेहाऊंडमध्येही थायरॉइडचे प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा कमी असते, बिंबाणू कमी असतात, तर तांबड्या पेशींचे प्रमाण जास्त असते. सर्वसाधारण कुत्र्यांच्या तक्त्याशी ताडून पाहिले तर धडधाकट जनावरही आजारी ठरते. मांड्यांचे टक्कल ही या जातीत इतकी नित्याची गोष्ट आहे की इंग्रजीत तिला स्वतंत्र नाव आहे. त्याला खाज नसते, त्याने त्रास होत नाही आणि त्यावर खात्रीचा उपाय नाही. ते आम्ही तेव्हापासून सोडून दिले.

जुलैमध्ये पूर्ण भूल देऊन दात स्वच्छ केले आणि दोन दाढा व एक पुढचा दात काढला. भुलेसाठी थायोपेंटोन वापरले नाही, कारण ग्रेहाऊंडचे यकृत ते औषध फार सावकाश निकामी करते आणि कुत्रा शुद्धीवर यायला धोकादायक उशीर लागतो. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड दिले. या जातीतील अनेक कुत्र्यांमध्ये जखमेवर धरलेली गुठळी एक-दोन दिवसांनी वेळेआधी विरघळते आणि थांबलेले रक्त पुन्हा वाहू लागते, ते टाळण्यासाठी. खारकेच्या जखमा शांतपणे भरल्या. गाद्यांची अभ्रे आणि तिच्या गोधड्या आम्ही त्याच आठवड्यात गरम पाण्यात धुऊन काढल्या, आणि बरण्यांचा प्रयोग चौदाव्या दिवशी पुन्हा केला, तेव्हा पुढच्या पायांचा तुकडा पाठीच्या तुकड्यापासून कोणालाच वेगळा ओळखता आला नाही.

कोंडा, आणि आता घालतो ती आंघोळ

कोंड्याचा निकाल इतका स्वच्छ लागला नाही. जूनच्या शेवटी आंघोळ पूर्ण बंद केली आणि ती नऊ आठवडे बंद ठेवली, आठवड्यातून तीनदा रबरी दातांच्या हातमोज्याने अंग चोळू लागलो, रोज संध्याकाळी आईच्या पद्धतीने ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसू लागलो आणि जेवणात आठवड्यातून दोनदा पाण्यातले, मीठ नसलेले सार्डिन मासे घालू लागलो. ऑगस्टअखेर पाठ चकचकीत झाली. यांतील कशामुळे किती फरक पडला हे मी सांगू शकत नाही, कारण चार बदल जवळजवळ एकदम केले. कारखान्यात असा प्रयोग मी नामंजूर केला असता. माझा स्वतःचा कल आंघोळ थांबवण्याकडे आहे, कारण नोंदवहीत कोंड्याची पहिली घट मासे सुरू होण्याच्या आधीची दिसते.

मधल्या काळात हितचिंतकांनी उपाय पुष्कळ सुचवले. इथे कोणी खाज-कोंड्यासाठी टी ट्री तेल सांगते. ते झाड ऑस्ट्रेलियातलेच, त्यामुळे घरोघरी बाटली असते, पण हे तेल कातडीतून शोषले जाऊन किंवा चाटल्याने कुत्र्यांना विषबाधा करते आणि पातळ कातडीच्या, सतत अंग चाटणाऱ्या कुत्रीला ते लावणे म्हणजे संकट घरात आणणे. खोबरेल तेल विषारी नाही, परंतु ते आईने एकदा लावले आणि खारकेने अर्ध्या तासात सगळे चाटून रात्रभर आम्हाला अंगणात फेऱ्या मारायला लावल्या. त्यानंतर आईने तो विषय काढला नाही.

आता आंघोळ दोन-अडीच महिन्यांतून एकदा होते, किंवा ती कशात तरी लोळून आली तर. वेळ दुपारची ठरवली आहे. शॉवर आम्ही कायमचा सोडला; त्याचा फुसकारा तिला घाबरवतो आणि पाणी किती, कुठे पडते यावर ताबा राहत नाही. त्याऐवजी दोन बादल्या आणि तांब्या. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला ना गरम ना गार लागेल असे, म्हणजे आपल्या आंघोळीच्या पाण्यापेक्षा पुष्कळ कोमट असते. टबाऐवजी न्हाणीघराच्या जमिनीवर दोन रबरी चटया टोकाला टोक लावून अंथरतो, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दोन्ही पायांना पकड मिळते. या एका बदलाने तिचे थिजणे जवळजवळ संपले. दार अर्धे उघडे असते आणि पत्नी समोर बसून तिचा रुंद मार्टिंगेल पट्टा, म्हणजे ओढ बसली की आवळणारा गळपट्टा, हातात धरते. ग्रेहाऊंडची मान डोक्यापेक्षा जाड असल्यामुळे साधा पट्टा मागे सरकली की डोक्यावरून निघून येतो, आणि ओली, घाबरलेली, सुटलेली ग्रेहाऊंड हा प्रसंग मला कल्पनेतही नको आहे.

कुत्र्यांसाठीचा ओटच्या पिठाचा शाम्पू एका भागाला दहा भाग पाणी या प्रमाणात आधीच बाटलीत मिसळून ठेवतो, कारण मऊ पाण्यात घट्ट शाम्पू लावला की तो धुण्यातच निम्मा वेळ जातो. मानेपासून सुरुवात करून मागे जायचे, तोंडावर पाणी ओतायचे नाही, तोंड फडक्याने पुसायचे. पोट, काखा आणि मांड्यांची आतली बाजू इथे हातमोजा चालवायचा नाही, नुसता तळवा फिरवायचा. तिथली कातडी कागदासारखी आहे आणि कुंपणाच्या तारेचा एखादा ओरखडाही तिथे चिरेसारखा उघडतो. असे ओरखडे शोधायला आंघोळ हीच चांगली वेळ, कारण ओल्या केसांखाली सगळे दिसते. एक बादली लावण्यासाठी असेल तर धुण्यासाठी दीड बादली लागते. उभे केल्यापासून टॉवेलमध्ये घेईपर्यंत आठ मिनिटे, त्यापेक्षा जास्त नाही. हीटरजवळ ठेवलेले दोन टॉवेल, त्यावर आईने शिवलेली गोधडी, आणि पुढचा एक तास बाहेर जाणे बंद.

दात मात्र रोज घासतो. सुरुवातीचे दोन आठवडे बोटाला जाळीचे कापड गुंडाळून फक्त ओठाखाली फिरवले, मग ब्रश आला. पेस्ट कुत्र्यांचीच, माणसांच्या पेस्टमधील फ्लोराइड आणि काहींमधील झायलिटॉल पोटात जायला नको.

नखे

हा भाग वेगळा लिहिण्याचे कारण असे की आंघोळीपेक्षा खारकेचे अधिक नुकसान आम्ही नखांत केले. तिची नखे जमिनीला टेकून बोटे बाजूला ढकलत होती. मे महिन्यात मी कात्रीने एक काळे नख जिव्हाळीपर्यंत कापले आणि रक्त वीस मिनिटे थांबेना. शेवटी मक्याचे पीठ दाबून धरल्यावर थांबले. पुढचे तीन आठवडे तिने पंजाला हात लावू दिला नाही.

नंतरच्या पशुवैद्यांनी जी पद्धत दाखवली ती पाहून मला गावचा नालबंद आठवला. कुत्रीला बसवायचे नाही, आडवे पाडायचे नाही. तिला उभीच ठेवायचे आणि घोड्याचा पाय नालबंद जसा मागे वळवतो तसा पंजा तळवा वर येईल असा मागे वळवायचा. लांब पायांच्या या जातीला ही स्थिती आरामाची पडते, शिवाय नखाची खालची बाजू आणि जिव्हाळी कुठवर आली आहे ते नीट दिसते. कात्री सोडून बारीक घासयंत्र घेतले, पहिले आठ दिवस ते बंदच ठेवून पंजाला नुसते टेकवले, मग दुसऱ्या खोलीत चालू केले, मग जवळ. एका दिवशी फक्त दोन नखे, आणि प्रत्येक नख फक्त कणभर. नख वारंवार थोडे थोडे घासले की जिव्हाळी मागे सरते. तिच्या तीन पांढऱ्या नखांत ती गुलाबी रेघ मागे जाताना आम्ही डोळ्यांनी पाहिली, आणि त्या अंदाजावर काळी नखे घासली. पाच महिन्यांनी फरशीवरचा टक् टक् आवाज थांबला.

आणि नखांसाठी रोज पंजे हातात आल्यामुळेच एक गोष्ट लवकर सापडली. डाव्या पुढच्या पायाच्या एका बोटाच्या गादीत मसुराएवढा कठीण, गोल ठिपका होता. ते पायाचे कुरूप होते. ग्रेहाऊंडच्या पायांना ते वरचेवर होते आणि दुखते. गवतावर चालताना खारीक ठीक असायची आणि रेतीखडीच्या वाटेवर मात्र तो पाय उचलून धरायची, याचा अर्थ तेव्हा लागला. पशुवैद्य दर सहा-सात आठवड्यांनी ते कोरून काढतात, मधल्या काळात मी रोज रात्री त्यावर मलम लावतो आणि फिरायला नेताना त्या पंजात जाड तळाचा मोजा चढवतो. ते दोनदा काढले, दोनदा परत आले. या महिन्यात तिसऱ्यांदा काढायचे आहे.